डर्बनमधील एक दिवस

दक्षिण आफ्रिकेंतील डर्बन बंदरीं उतरणाऱ्या पाहुण्यास एका दिवसांत शहर व झुलू जीवन हीं दोन्ही दाखविण्याचा परिपाठ आहे. सकाळीं वाटाड्या मोटारींतून समुद्रकिनारा, १९१० सालीं पुरें झालेलें नगरभवन व मसाल्यांचा बाजार दाखवितो; दुपारीं शहराबाहेर, सहस्र टेकड्यांचें खोरें म्हणून प्रसिद्ध असलेल्या भागांत झुलू नृत्य होतें.

नृत्य अवश्य पाहावें. पण त्याआधीं घरें पाहावींत, असें मी सुचवीन. झुलू कुटुंबाच्या पारंपरिक वस्तीस 'उमुझी' म्हणतात. मध्यें गुरांचा गोठा आणि सभोंवार उपड्या टोपल्यांसारख्या गवती झोपड्या. गुरांना मधली जागा कां? वधूपक्षास द्यावयाचें 'लोबोला' परंपरेनें गुरांच्याच रूपानें देतात. आपल्याकडील देजच म्हणाना! शिवाय पूर्वजांचें सान्निध्यही तेथेंच मानितात.

मात्र सकाळीं शहर आणि दुपारीं झुलू, ही वांटणी मला खटकते. आजचे बहुतेक झुलू अशा झोपड्यांत राहात नाहींत. ते याच शहराचे नागरिक आहेत, आणि त्यांच्या भाषेंत शहराचें नांव 'एथेक्विनी' आहे. म्हणून निघतांनाच वाटाड्यास सांगून इनांडा भागाची वाट धरावी. गांधीजींनीं १९०४ सालीं स्थापिलेली फिनिक्स वसाहत तेथें आहे. त्यांचें घर १९८५ च्या दंगलींत नष्ट झालें, तें पुन्हां बांधलें आहे. जवळच जॉन डुबे या झुलू गृहस्थांनीं काढलेली ओहलांगे शाळा आहे. पुढें आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या नांवानें प्रसिद्ध झालेल्या संस्थेचे ते १९१२ सालीं पहिले अध्यक्ष झाले. १९९४ सालीं नेल्सन मंडेला यांनीं आयुष्यांतील पहिलें मत दिलें तें याच शाळेंत. डुबे यांची समाधीही तेथेंच आहे.