भारतातील क्रेडिट कार्डाचा वापर

क्रेडिट कार्ड हे बँकेने किंवा वित्तीय संस्थेने ग्राहकाला ठरावीक मर्यादेपर्यंत उधारीवर खरेदी करता यावी म्हणून दिलेले देयक साधन आहे. डेबिट कार्डाने केलेल्या खर्चाची रक्कम खातेदाराच्या खात्यातून तत्काळ वजा होते. क्रेडिट कार्डाच्या व्यवहारात मात्र विक्रेत्याला बँक पैसे देते आणि कार्डधारक ते नंतर बँकेला परत करतो. त्यामुळे क्रेडिट कार्ड हा मूलतः अल्पमुदतीच्या, विनातारण कर्जाचा एक प्रकार आहे. मुदतीत पूर्ण परतफेड केल्यास हे कर्ज बिनव्याजी असते; तसे न केल्यास ते सर्वांत महाग कर्जांपैकी एक ठरते.

## इतिहास

आधुनिक कार्डांची सुरुवात १९५० मध्ये अमेरिकेतील डायनर्स क्लबपासून झाली असे मानले जाते. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात बँकअमेरिकार्ड आणले. पुढे १९७६ मध्ये त्याचेच नाव व्हिसा झाले. भारतात मुंबईत मुख्यालय असलेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये सेंट्रलकार्ड हे क्रेडिट कार्ड सुरू केले. भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाचे रूपे हे कार्डजाळे २०१२ मध्ये कार्यान्वित झाले. २०२२ पासून रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयशी जोडण्याची सोय झाल्याने क्यूआर संकेत वापरणाऱ्या लहान दुकानांतही उधारीवर खरेदी शक्य झाली.

## व्याजमुक्त कालावधी

प्रत्येक कार्डाला विवरणपत्राची एक तारीख आणि त्यानंतर काही दिवसांनी येणारी देय तारीख असते. उदाहरणार्थ, विवरणपत्र दरमहा १० तारखेला निघत असेल आणि देय तारीख ३० असेल, तर ११ जूनला केलेल्या खरेदीचे पैसे ३० जुलैपर्यंत, म्हणजे ४९ दिवसांनी भरता येतात. ९ जुलैच्या खरेदीला मात्र २१ दिवसच मिळतात.

ही सवलत पूर्ण देय रक्कम भरणाऱ्यासच मिळते. थोडी रक्कम जरी शिल्लक ठेवली, तरी सर्वसाधारणपणे व्यवहाराच्या दिवसापासून व्याज आकारले जाते आणि नव्या खरेदीवरही व्याजमुक्त कालावधी लागू होत नाही. एटीएममधून रोख रक्कम काढल्यास पहिल्या दिवसापासून व्याज आणि वेगळे शुल्क लागते.

## किमान देय रक्कम

विवरणपत्रात एकूण देय रकमेसोबत किमान देय रक्कमही नमूद असते. ती भरल्यास विलंब शुल्क टळते व खाते थकीत ठरत नाही. परंतु उरलेल्या रकमेवरील व्याज चालूच राहते. किमान रक्कम भरली म्हणजे त्या महिन्याचे देणे फिटले, हा एक सार्वत्रिक गैरसमज आहे.

समजा, थकबाकी ५०,००० रुपये आणि व्याजदर दरमहा ३.५ टक्के, म्हणजे वार्षिक ४२ टक्के आहे. पहिल्या महिन्याचे व्याज १,७५० रुपये आणि त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर ३१५ रुपये, असे एकूण २,०६५ रुपये होतात. कार्डधारकाने २,५०० रुपये भरल्यास मूळ कर्ज केवळ ४३५ रुपयांनी कमी होते. नवी खरेदी पूर्ण थांबवून दरमहा २,५०० रुपये भरत राहिल्यास कर्ज फिटण्यास ४४ महिने लागतात आणि एकूण सुमारे १ लाख ८ हजार रुपये द्यावे लागतात. दरमहा ५,००० रुपये भरल्यास तेच कर्ज १४ महिन्यांत, सुमारे ६६ हजार रुपयांत फिटते.

## बक्षीस गुण

खर्चाच्या प्रमाणात मिळणाऱ्या बक्षीस गुणांना रिवॉर्ड पॉइंट म्हणतात. कॅशबॅक, विमान प्रवासातील सवलत व विमानतळावरील विश्रामकक्षाचा वापर हेही लाभ काही कार्डांवर मिळतात. गुणांच्या संख्येपेक्षा प्रत्येक गुणाचे मूल्य महत्त्वाचे असते. १०० रुपयांच्या खर्चास २ गुण आणि एका गुणाचे मूल्य २५ पैसे असल्यास प्रत्यक्ष परतावा ०.५ टक्का होतो. अशा कार्डाचे वार्षिक शुल्क करासह १,१८० रुपये असेल, तर केवळ ते शुल्क भरून निघण्यासाठी वर्षाला २,३६,००० रुपये खर्च करावा लागतो.

इंधन, घरभाडे, वॉलेटमधील भरणा अशा खर्चांवर अनेक कार्डे गुण देत नाहीत, तसेच गुणांना मुदतही असू शकते. वरील दराने ५०,००० रुपयांच्या खर्चावर २५० रुपयांचा लाभ होतो. त्याच रकमेवरील एका महिन्याचे व्याज त्याच्या सातपट असते. म्हणून बक्षीस गुणांचा खरा लाभ दरमहा पूर्ण रक्कम भरणाऱ्यांनाच होतो.

## पतगुणांक

कार्डाच्या परतफेडीची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे जाते. त्यावरून ३०० ते ९०० या दरम्यानचा पतगुणांक ठरतो व पुढे गृहकर्ज किंवा वाहनकर्ज देताना बँका तो विचारात घेतात. विलंब, वारंवार केलेले नवे अर्ज आणि पतमर्यादेचा अतिवापर यांमुळे गुणांक घसरतो. मर्यादेच्या ३० टक्क्यांपर्यंत वापर ठेवणे सर्वसाधारणपणे योग्य मानले जाते. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो.

## कर्जाचे व्यवस्थापन

थकबाकी वाढल्यास पहिली पायरी म्हणजे कार्डाचा वापर थांबवणे. अनेक कार्डांवर थकबाकी असल्यास सर्व कार्डांची किमान रक्कम भरून उरलेला पैसा सर्वाधिक व्याजाच्या कार्डाकडे वळवल्यास एकूण व्याज सर्वांत कमी लागते. सर्वांत लहान थकबाकी आधी फेडल्यास व्याज काहीसे जास्त जाऊ शकते, पण एकेक खाते लवकर बंद झाल्याने उमेद टिकते. थकबाकीचे मासिक हप्त्यांत रूपांतर करणे किंवा कमी व्याजाचे वैयक्तिक कर्ज घेऊन कार्ड फेडणे हेही पर्याय आहेत. त्यांत प्रक्रिया शुल्क व करही हिशेबात धरावे लागतात. बँकेशी तडजोड करून कमी रकमेत खाते मिटवल्यास तशी नोंद पतअहवालात होते आणि पुढील कर्ज मिळणे अवघड होऊ शकते.

## नियमन

भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये कार्डांविषयी सर्वसमावेशक निर्देश जारी केले. त्यांनुसार ग्राहकाच्या मागणीविना कार्ड देता येत नाही. थकबाकी नसल्यास कार्ड बंद करण्याची विनंती ७ कामकाजी दिवसांत पूर्ण न केल्यास बँकेला दररोज ५०० रुपये दंड ग्राहकास द्यावा लागतो. त्याच वर्षीच्या दुसऱ्या परिपत्रकानुसार वसुली प्रतिनिधींना सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर कर्जदाराला दूरध्वनी करण्यास मनाई आहे.

राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. बँकेकडून ३० दिवसांत तक्रारीचे निराकरण न झाल्यास ग्राहकाला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

## हे सुद्धा पहा

* डेबिट कार्ड
* चक्रवाढ व्याज
* भारतीय रिझर्व्ह बँक