जुन्या मोटारीचे रोगनिदान

आजच्या मोटारीत बिघाड झाला की मेकॅनिक तिच्या संगणकाला एक छोटे यंत्र जोडतो. यंत्राच्या पडद्यावर एक सांकेतिक क्रमांक उमटतो आणि दोष साधारण कोठे आहे ते कळते. पण १९५० साली अमेरिकेत तयार झालेल्या शेव्हर्ले मोटारीत संगणक नाही. तिचे दुखणे ती फक्त लक्षणांतून सांगते. म्हणून तिची दुरुस्ती करणाऱ्याला डॉक्टराप्रमाणे आधी रोगनिदान करावे लागते.

अशा जुन्या मोटारी विकत घेऊन त्या पुन्हा चालत्या करण्याचा छंद अमेरिकेत हजारो लोकांना आहे. १९३५ साली तेथे जुन्या मोटारींच्या शौकिनांची एक संस्था स्थापन झाली. पेनसिल्व्हेनिया राज्यातील हर्शी या गावी दर ऑक्टोबरात तिचा मोठा मेळावा भरतो आणि जुन्या सुट्या भागांचा बाजारही भरतो. आपल्याकडेही या गाड्या अपरिचित नव्हत्या. १९२८ पासून मुंबईत शेव्हर्ले मोटारींची जुळणी होत असे. पुढे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज, डेसोटो आणि प्लिमथ या गाड्या बाहेर पडल्या.

एंजिनाच्या तीन गरजा

पेट्रोलचे एंजिन चालण्यासाठी तीन गोष्टी लागतात: हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, दट्ट्याने ते पुरेसे दाबणे आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी. एंजिन सुरू होत नसेल तर यांपैकी निदान एक गोष्ट कमी पडत असली पाहिजे. सगळी दुरुस्ती या एका वाक्यावर उभी आहे. हे विसरून जो दिसेल तो भाग बदलत सुटतो, त्याची अवस्था ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ अशी होते. पैसे खर्च होतात आणि दोष जागच्या जागी राहतो.

स्टार्टर का कण्हतो?

पहिली तक्रार नेहमीची. किल्ली फिरवली तर स्टार्टर कण्हत कण्हत सावकाश फिरतो. पुष्कळ जण लगेच नवी बॅटरी आणतात, आणि नवी बॅटरीही कण्हू लागते!

याचे कारण गणिताने शोधू. शेव्हर्लेच्या १९५४ पर्यंतच्या गाड्यांत ६ व्होल्टची बॅटरी असे. १९५५ पासून ती १२ व्होल्टची झाली. समजा, एंजिन फिरवायला १२०० वॅट शक्ती लागते. ६ व्होल्टच्या गाडीत त्यासाठी २०० अँपिअर प्रवाह लागेल, १२ व्होल्टच्या गाडीत फक्त १००. आता बॅटरीच्या जोडावर गंज चढून ०.०१ ओहम एवढा किरकोळ रोध निर्माण झाला असे धरा. ओहमच्या नियमानुसार पहिल्या गाडीत त्या जोडावरच २०० × ०.०१ = २ व्होल्ट खर्च होतील. म्हणजे सहातले दोन गेले! दुसऱ्या गाडीत मात्र बारातला एकच व्होल्ट जाईल. प्रत्यक्षात रोध वाढला की प्रवाहही थोडा घटतो, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे. पण जुन्या गाडीला गंज एवढा का बाधतो हे त्यावरून समजते.

याची तपासणी सोपी आहे. व्होल्टमापकाचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरे त्याच खुंटीला आवळलेल्या तारेच्या पट्टीवर टेकवावे व सोबत्याला स्टार्टर फिरवायला सांगावे. जोड स्वच्छ असेल तर काटा शून्याजवळ राहतो. तो एक-दोन व्होल्ट दाखवू लागला तर जोड उघडून घासावा. गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या तारेचीही अशीच परीक्षा घ्यावी. काम पॉलिशपेपरच्या तुकड्यावर भागते.

तापली की बंद पडणारी गाडी

दुसरी तक्रार अधिक फसवी आहे. सकाळी गाडी झटकन सुरू होते, वीस-पंचवीस मिनिटे उत्तम धावते आणि मग आचके देऊन बंद पडते. अर्धा तास थांबले की जणू काही घडलेच नव्हते अशा थाटात पुन्हा चालू लागते. येथे संशयित तीन आहेत.

पहिला संशयित म्हणजे बाष्परोध. या गाड्यांत पेट्रोलची टाकी मागे आणि पंप पुढे एंजिनाच्या अंगाला असतो. पंप पेट्रोल ओढतो तेव्हा नळीतील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी होतो. दाब कमी झाला की द्रवाचा उत्कलनबिंदूही उतरतो. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण असून त्यांतील हलके घटक ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळू लागतात. तापलेल्या एंजिनाशेजारच्या नळीत त्यांची वाफ होते. पंपाचा पडदा मग वाफ नुसती दाबतो आणि सोडतो. पेट्रोल पुढे सरकतच नाही.

दुसरा संशयित आहे ठिणगी देणारे वेटोळे किंवा त्याचे धारित्र. सहा सिलिंडरांचे एंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर दर फेऱ्याला तीन, म्हणजे सेकंदाला १५० ठिणग्या पडाव्या लागतात. दर वेळी बॅटरीचा प्रवाह एकाएकी तोडला जातो आणि वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. वेटोळ्यातील एखादी तार तुटलेली पण टोकाला टोक लागून असेल, तर तापून प्रसरण पावल्यावर ती टोके सुटतात. गार झाल्यावर पुन्हा जुळतात. धारित्रातील विद्युत्‌रोधक थरही तापल्यावर दगा देऊ शकतो.

तिसरा संशयित कोणाच्या ध्यानीमनी नसतो: टाकीच्या झाकणाचे बारीक छिद्र! पेट्रोल बाहेर जाते तेव्हा त्याच्या जागी हवा आत यायला हवी. छिद्र बुजलेले असेल तर टाकीतला दाब घटत जातो आणि अखेर पंपाला पेट्रोल ओढवत नाही. गाडी उभी राहिली की हवा हळूहळू कोठून तरी झिरपते आणि ‘रोग’ बरा होतो.

लक्षण एकच, अर्ध्या तासाचा उताराही एकच. कारणे मात्र तीन. मग खरा गुन्हेगार ओळखायचा कसा? गाडी बंद पडलेली असताना, ती गार होण्यापूर्वीच तपासून!

प्रथम टाकीचे झाकण उघडा. आत हवा शिरल्याचा ‘फस्स’ असा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर छिद्र साफ करा. तसे झाले नाही तर झाकण पुन्हा घट्ट लावा आणि ठिणगी पाहा. प्लगची एक तार काढून तिला जादा प्लग जोडावा, त्याचे धातूचे अंग एंजिनाला टेकवून ठेवावे आणि स्टार्टर फिरवावा. ठिणगी नसेल किंवा मलूल, पिवळट असेल तर दुसऱ्या संशयितावर लक्ष द्यावे. ठिणगी निळी व खणखणीत असेल तर किल्ली बंद करून कार्बुरेटरवरची हवागाळणी काढावी आणि अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा हलवावा. आत पेट्रोलची चिळकांडी उडाली नाही, तर पेट्रोल पोहोचत नाही हे सिद्ध झाले. अशा वेळी पंपावर ओले फडके ठेवावे. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने पंप गार होतो. गाडी त्यानंतर लवकर सुरू झाली तर बाष्परोधाचा संशय बळावतो. नाही झाली, तर पंपाचा पडदा तपासावा. अमेरिकेतील बहुतेक पेट्रोलमध्ये आता १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या प्रकारचे रबर त्यात टिकत नाही.

एका वेळी एकच बदल

अमेरिकेत बाष्परोधावर एक घरगुती तोडगा प्रसिद्ध आहे. पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालण्याचे लाकडी चिमटे लावतात! अनेक जण त्याचा गुण येतो असे सांगतात. पण लाकूड उष्णतेचे मंद वाहक आहे. ते नळीतली उष्णता फारशी बाहेर काढणार नाही. शिवाय चिमटे लावीपर्यंत गाडी थोडी गार झालेलीच असते. मग गुण चिमट्यांचा की थांबण्याचा? हे ठरवायचे तर त्याच रस्त्यावर, तशाच उन्हात, एकदा चिमट्यांसह आणि एकदा चिमट्यांवाचून गाडी चालवून पाहिली पाहिजे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेचा नियम गॅरेजातही तितकाच खरा आहे. वेटोळे, धारित्र आणि पंप एकदम बदलले तर गाडी कदाचित चालेल, पण दोष कशात होता हे कधीच कळणार नाही.

काही पथ्येही पाळावी लागतात. ठिणगीची परीक्षा पेट्रोलजवळ करू नये. बंद गॅरेजात एंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि तो प्राण घेतो. जुन्या ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून तेथली धूळ फुंकून उडवू नये. ही कामे जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावयाची आहेत.

बाष्परोध मात्र तुम्ही वर्गातही पाहू शकाल. सुई नसलेली प्लास्टिकची सिरिंज घ्या. शिक्षकांच्या मदतीने तिच्यात सुमारे ७० अंशांचे पाणी थोडेसे भरा. आतली हवा काढून टाका, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोराने मागे ओढा. खाली ज्योत नसतानाही पाणी बुडबुडे सोडून उकळू लागेल. दट्ट्या सोडला की ते पुन्हा शांत होईल. उन्हाळ्याच्या दिवसांत जुन्या शेव्हर्लेच्या नळीत नेमके हेच घडत असते.