छिद्रं छोटी, ऑपरेशन तेवढंच

अलिबाग-मुरुडच्या पट्ट्यात कुणाचं पित्ताशयाचं, अपेंडिक्सचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष पेशंटला महिनाभर खाटेवरून उठू देत नाही, पेजेपलीकडे काही खाऊ देत नाही. दुसरा पक्ष पोटावरच्या चार पट्ट्या बघून म्हणतो, ‘एवढंच ना? परवापासून लाग कामाला.’ दोघंही प्रेमापोटीच बोलतात. पण एकाची भीती अवाजवी असते आणि दुसऱ्याचा अंदाज फक्त कातडी बघून केलेला असतो.

आधी आत काय झालं ते बघू. बेंबीजवळ साधारण एक सेंटिमीटरचा छेद घेतात आणि आणखी दोन-तीन ठिकाणी त्याहून लहान. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोटाची भिंत वर उचलतात, म्हणजे आत काम करायला जागा होते. मग कॅमेरा आत जातो आणि सर्जन पडद्यावर बघत लांब दांड्याच्या हत्यारांनी काम करतो. लोक याला सर्रास ‘लेझर’ म्हणतात, पण लेझरचा इथे सहसा संबंध नसतो. ‘खडे काढले’ हेही अर्धसत्य. खड्यांसकट अख्खं पित्ताशय काढतात, कारण ते ठेवलं तर खडे पुन्हा होऊ शकतात. थोडक्यात, पूर्वी पोट उघडून जे करायचे तेच आज आत होतं. फक्त पोटाच्या भिंतीची चिरफाड कमी होते, आणि माणूस लवकर उठतो तो त्यामुळे.

ही नवी टूम आहे असंही नाही. १९८५मध्ये जर्मनीत एरिक म्यूहं यांनी पित्ताशय पहिल्यांदा अशा रीतीने काढलं. भारतात १९९०मध्ये डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ते केलं. रेवस-मांडव्याहून भाऊच्या धक्क्यावर उतरणाऱ्या कितीतरी रायगडकरांचं पिढ्यान्‌पिढ्या हक्काचं ठिकाण तेच.

घरी आल्यावर सगळ्यात जास्त घाबरवतो तो खांदा. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतो खांदा, बहुतेकदा उजवा. मग कुणी म्हणतं टेबलावरून उतरवताना हात मुरगळला, कुणाला हार्ट अटॅकची शंका येते. खरं कारण वेगळं आहे. वायूमुळे पोट आणि छाती यांच्यामधला श्वासपटल नावाचा स्नायू चाळवतो. त्याची नस मानेतून निघते, खांद्याच्या संवेदनाही मानेच्या त्याच भागात पोचतात, म्हणून मेंदूला दुखणं खांद्यात वाटतं. दोन-तीन दिवसांत ते ओसरतं.

यावर घरोघरी चालणारा उपाय म्हणजे सोडा, ओवा आणि ढेकर. ‘गॅस भरला होता ना, मग तो काढायला नको का?’ पण हा वायू आतड्यात नसतोच. तो आतड्याच्या बाहेर, पोटाच्या पोकळीत भरलेला असतो. ऑपरेशन संपताना बराचसा काढून टाकतात. उरलेला रक्तात विरघळतो आणि फुप्फुसांतून श्वासावाटे बाहेर पडतो. रक्तात चटकन विरघळतो आणि पेट घेत नाही म्हणूनच हा वायू निवडलेला असतो. त्यामुळे सोड्याने काही होत नाही. थोडं चालणं, कूस बदलणं आणि डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी वेळेवर घेणं, एवढंच करायचं. ‘गोळीने किडनी जाते’ म्हणून ती लपवून ठेवणारे पेशंट दुखतं म्हणून खोकत नाहीत, चालत नाहीत आणि नवं दुखणं ओढवून घेतात. किडनीचा किंवा अल्सरचा आजार आधीपासून असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, ते गोळी बदलून देतील. मात्र छातीत दडपण आणि सोबत धाप किंवा घाम असेल तर त्याला गॅस समजून घरी थांबू नका.

खाटेवर महिना काढायचा सल्ला फार जुना, पोट उघडायच्या काळातला, आणि तेव्हाही तो फारसा बरोबर नव्हता. पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो, छातीत कफ साठतो, पोट साफ होत नाही. बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात ते याचसाठी. घरी आल्यावर ओटीवर, अंगणात थोडं थोडं चाला. जिना चढायला हरकत नाही. खोकताना, हसताना पोटावर छोटी उशी दाबून धरा. उठताना सरळ बसू नका, आधी कुशीवर वळा आणि मग हाताच्या आधाराने उठा.

चालणं आणि वजन उचलणं मात्र एक नव्हे. दुसऱ्या पक्षाची गल्लत इथेच होते. कातडीवरचा छेद आठवड्याभरात मिटतो. त्याखालच्या स्नायूंवरच्या आवरणाला पूर्वीची ताकद यायला काही महिने लागतात. त्याआधी जोर पडला तर छेदाच्या जागी, विशेषतः बेंबीजवळच्या मोठ्या छेदात, हर्निया होऊ शकतो. किती दिवस, किती किलो, याबद्दल सर्जनांमध्ये थोडा मतभेद असतो, पण पहिले दोन आठवडे चार-पाच किलोंपेक्षा जास्त नको, हा सल्ला सर्वसाधारण आहे. हर्नियाच्या ऑपरेशनला चार ते सहा आठवडे सांगतात. आता आपल्याकडची वजनं बघा. पाण्याने भरलेला हंडा पंधरा किलोंच्या वर जातो. मासळीची भरलेली पाटी त्याहून जड. जाळं ओढणं, होडी वाळूवर घेणं, वाडीत नारळाची झाप ओढणं, ही सगळी पोटाच्या भिंतीवर जोर देणारी कामं. बायकांच्या बाबतीत तर नसबंदीचं दुर्बिणीचं ऑपरेशन ‘बिनटाक्याचं’ म्हणून ओळखलं जातं, आणि त्यामुळे दुसऱ्याच दिवशी तिच्या हातात कळशी देण्यात कुणाला काही गैर वाटत नाही. तिला मिळायला हवी ती विश्रांती घरातल्या पुरुषांनी पाणी भरलं तरच मिळेल, हे स्पष्टच लिहिलेलं बरं.

खलाशी आणि नाखवांसाठी एक सुचवणी. ज्या ऑपरेशनला डॉक्टर ‘थांबलं तरी चालेल’ म्हणतात, उदाहरणार्थ न अडकलेला हर्निया, ते १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीच्या सुरुवातीला उरकून घेण्यासारखं आहे. होडी पाण्यात जाईपर्यंत सहा आठवडे सहज निघतात. बंदीच्या शेवटच्या आठवड्यात ऑपरेशन करून घेतलं, तर नारळी पौर्णिमेनंतर घरी बसणं कुणालाच जमत नाही. अर्थात हर्निया अडकला, कडक होऊन दुखू लागला, तर मुहूर्त बघायचा नसतो.

आता खाणं. या विषयावर किनाऱ्यावर जेवढी मतं तेवढे जाणकार. कोळंबीने टाके पिकतात, सुकटाने पू धरतो, वांगं बाधतं, मसूर नको, भाताने जखम ओली राहते. खरं तर पू जंतूंमुळे होतो, ताटातल्या माशामुळे नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात आणि ती आपल्याकडे सगळ्यात सहज मिळतात मासळीतूनच. बाळंतिणीला मुशीचं कालवण आवर्जून करून घालणारी हीच माणसं अपेंडिक्सच्या पेशंटला नुसत्या वरणभातावर ठेवतात, हे मला कधी उमगलेलं नाही. पहिले एक-दोन दिवस पोट जड वाटतं, तेव्हा पेज, मऊ भात, ताक. मग भूक लागेल तसं ताज्या मासळीचं कमी तेलाचं कालवण, अंडं, कुळथाची पिठी. कोळंबीची अॅलर्जी आधीपासून असेल त्याने ती आताही टाळावी, इतरांना हरकत नाही. सुकटात मीठ फार असतं, म्हणून रक्तदाबवाल्यांनी बेतानं खावं. टाक्यांशी सुकटाचा संबंध नाही. रक्तातली साखर मात्र जखमेला खरोखर बाधते. मधुमेही पेशंटने ताटातल्या वांग्यापेक्षा तिच्यावर लक्ष ठेवावं.

पित्ताशय काढलेल्यांना आणखी एक धाक असतो, जन्मभर तेल-तूप बंद. पित्त तयार करतं यकृत, दिवसाला अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ते फक्त साठवतं. साठवण गेली की पित्त थेट आतड्यात झिरपत राहतं. त्यामुळे काहींना सुरुवातीचे काही आठवडे तेलकट खाल्ल्यावर शौचाला पातळ होतं, पुढे शरीर जुळवून घेतं. तळलेली तुकडी पहिले काही दिवस नको आणि मग थोडी थोडी खाऊन बघा.

अंघोळीचं सोपं आहे. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर ४८ तासांनंतर अंगावर पाणी घ्यायला हरकत नाही. चोळू नका, नंतर टिपून कोरडं करा. विहीर, तळं, खाडी, समुद्र मात्र जखमा पूर्ण भरेपर्यंत वर्ज्य. ‘खाऱ्या पाण्याने जखम सुकते’ हा समज किनाऱ्यावर पक्का आहे, पण उबदार समुद्राच्या आणि खाडीच्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू असतात, आणि ते उघड्या जखमेतून शिरले तर मधुमेही किंवा यकृताच्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं. दगडीपाल्याचा रस, हळद, कॉफीची पूड यातलंही काही छेदावर नको. पोटाला पट्टा बांधलाच पाहिजे असं नाही. बरं वाटत असेल तर बांधा.

मुंबईहून घरी येताना प्रवासाचा विचार करा. खड्ड्यांतून दुचाकीवर मागे बसून येण्यापेक्षा रो-रोने मांडव्यापर्यंत गाडीसकट येणं सुखाचं, पण समुद्र खवळलेला असेल आणि तुम्हाला बोट लागत असेल तर उलटीने पोट जास्त दुखेल. सीटबेल्ट टाळू नका, पट्टा आणि पोट यांच्यामध्ये घडी केलेला टॉवेल ठेवा.

कधी घाबरायचं? दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. ते उलट वाढू लागलं, पोट फुगून कडक झालं, उलट्या थांबेनात, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, लघवी अडली, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, किंवा डोळे पिवळे आणि लघवी गडद झाली, तर वाट बघायची नाही. शेवटची दोन लक्षणं पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर पित्तनलिकेच्या अडचणीची असू शकतात. मुरुडकराला अलिबागचं जिल्हा रुग्णालय जवळ नाही, आणि श्रीवर्धनकराला दिघी-आगरदांड्याची जंगलजेट्टी रात्री मिळेलच असं नाही. म्हणून ‘सकाळी बघू’ हा हिशेब इथे महाग पडतो. १०८ची रुग्णवाहिका मोफत आहे. सोबत डिस्चार्ज कार्ड घ्या, म्हणजे नव्या डॉक्टरला आत काय केलं ते कळतं.

एक दुखणं उशिरा येतं. जखमा छान भरतात, आणि तीन-चार आठवड्यांनी किंवा त्याहूनही नंतर छेदाच्या जागी गाठ येते, पाणी झिरपतं. हत्यारांचं निर्जंतुकीकरण अपुरं राहिलं तर क्षयाच्या जंतूंचे दूरचे भाऊबंद असलेले काही जंतू तिथे ठाण मांडतात. नेहमीच्या अँटिबायोटिक्सना ते दाद देत नाहीत. गावातल्या दुकानातून गोळ्यांचे कोर्स बदलत बसण्याऐवजी ऑपरेशन केलेल्या सर्जनकडे जा आणि त्या पाण्याची तपासणी करून घ्या.

आणि पित्ताशयवाल्यांच्या घरी शोकेसमध्ये ठेवलेली ती खड्यांची बाटली. आलेल्या-गेलेल्याला ती दाखवली जाते, पण काढलेलं पित्ताशय तपासायला पाठवतात त्याचा अहवाल काही दिवसांनी येतो आणि तो आणायला पुष्कळदा कुणी जात नाही. क्वचित त्यात कॅन्सर सापडतो, जो सोनोग्राफीत दिसलेला नसतो, आणि तेव्हा पुढचे उपचार लवकर सुरू करावे लागतात. टाके दाखवायला जाल तेव्हा तो कागद मागून घ्या.