पी. टी.चे दोनशे रुपये आणि गिरणारेचा अड्डा

सातपूर-अंबडच्या कारखान्यातला फिटर असो की नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधला कामगार, पगारपत्रकावर दर महिन्याला ‘पी. टी.’ म्हणून दोनशे रुपये कापले जातात आणि फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार. हे पैसे कशासाठी जातात, असं विचारलं तर दहातले नऊ जण खांदे उडवतील. सुरगाण्याच्या माणसाला काम मिळावं म्हणून हा कर सुरू झाला होता, हे सांगितलं तर उरलेला दहावाही चकित होईल.

गोष्ट 1972ची. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला वि. स. पागे यांनी छोट्या प्रमाणावर केलेला प्रयोग राज्यभर न्यायचा, असं वसंतराव नाईकांच्या सरकारनं त्या वर्षी ठरवलं आणि लगेच दुष्काळानं गाठलं. रोजगार हमी बाजूला राहिली, दुष्काळी कामं सुरू झाली. मे 1973मध्ये राज्यभरात सुमारे 50 लाख माणसं या कामांवर होती. सिन्नर, येवला, नांदगावकडच्या जुन्या माणसांना खडी फोडणं, पाझर तलाव आणि सुकडी आजही आठवते. दुष्काळ सरल्यावर प्रश्न उरला तो पैशांचा. दरवर्षी काम मागणाऱ्याला काम द्यायचं, तर खर्च कोण करणार?

त्याचं उत्तर 1975च्या व्यवसाय करात, म्हणजे याच ‘पी. टी.’त होतं. शहरातल्या पगारदार आणि धंदेवाल्यांकडून कर घ्यायचा, बागायती जमिनीवर आणि शहरातल्या बिगरनिवासी इमारतींवर रोजगार हमीचा उपकर लावायचा, आणि जितकं जमेल तितकीच भर राज्यानं घालायची. म्हणजे निफाडचा ऊसवाला आणि नाशिकचा कारकून मिळून पेठच्या भूमिहीनाची हमी घेणार. पुढे 1977मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979पासून लागू झाला. अर्ज केल्यावर पंधरा दिवसांत काम मिळालं पाहिजे, नाही मिळालं तर बेकारी भत्ता. देशातल्या इतर राज्यांत असं काही नव्हतं.

माझ्या मते ही रचना करशास्त्राच्या दृष्टीनं फार चतुर होती, आणि तिचं श्रेय पुरेसं दिलं जात नाही. वर्षाला अडीचशे रुपये कापले जातात म्हणून कोणी नोकरी सोडत नाही की ओव्हरटाइम नाकारत नाही. तेव्हाची कमाल मर्यादा तेवढीच होती, कारण ती राज्यघटनेनंच घातली आहे. 1988च्या घटनादुरुस्तीनं ती अडीच हजारांवर गेली आणि तिथंच थांबली. कर भरणाऱ्याच्या वागण्यात त्यानं काही फरक पडत नाही. महिन्याला अकरा हजार मिळवणारा पुरुष आणि दोन लाख मिळवणारा सारखाच कर भरतो, हा त्यातला अन्याय मात्र खरा. (बायकांना एप्रिल 2023पासून पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारावर सूट आहे, एवढीच काय ती सुधारणा.)

हमी ज्याला मिळाली त्याच्या वागण्यात मात्र बराच फरक पडला. खडी फोडायला जाता येतं म्हटल्यावर बागायतदारानं देऊ केलेली मजुरी नाकारता येते. कामावर किती दिवस भरले, हा आकडा सरकारी अहवालात येतो. नाकारण्याची ताकद कुठल्याच हजेरीपटावर येत नाही. बागायतदारांना ती तेव्हाच उमगली होती. ‘सरकारच्या कामामुळं माणसं मिळत नाहीत’ ही तक्रार आज ऐकू येते तशीच ती सत्तरच्या दशकातही होती.

ती ताकद किती नाजूक होती, ते 1988मध्ये दिसलं. किमान वेतन वाढलं, त्याबरोबर हमीच्या कामाचा दर दुप्पट झाला आणि कामावरची हजेरी वाढण्याऐवजी घटली. मार्टिन रॅव्हॅलियन आणि गौरव दत्त यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी याचा अभ्यास करून सांगितलं की मजूर कमी झाले नव्हते, खर्च आवरण्यासाठी कामंच कमी काढली जात होती. हमी कागदावर तशीच राहिली, काम मात्र मोजून मिळू लागलं. 2000 नंतर तर अनेक वर्षं या करांतून जमणारी रक्कम हमीवर होणाऱ्या खर्चापेक्षा जास्त होती. सातपूरच्या फिटरचे पैसे सुरगाण्याला पोचायचे ते मुंबईतच थांबले, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

नाशिक जिल्ह्यावर हमीची सर्वांत टिकाऊ खूण रस्त्यांवर किंवा तलावांत नाही, ती बागांत आहे. 1990-91मध्ये शरद पवार मुख्यमंत्री असताना फळबाग लागवड हमीला जोडली गेली. स्वतःच्या शेतात खड्डे खणा, रोपं लावा, मजुरी सरकार देईल. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यात डाळिंब फोफावलं. तेल्या रोगानं पुढे त्यातल्या कित्येक बागा काढाव्या लागल्या, तो भाग वेगळा. पण एक गोष्ट नीट पाहायला हवी. भूमिहीनासाठी जमवलेला पैसा इथं जमीन असणाऱ्याच्या बांधावर गेला. बागेला वर्षानुवर्षं माणसं लागतात, तेव्हा भूमिहीनालाही काम मिळालं, पण ते हमीचं नव्हतं, मालकाचं होतं.

द्राक्षांना सवलत वेगळ्या दारानं आली. 2001च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणात वाइनला उत्पादन शुल्क माफ झालं, विंचूरला वाइन पार्क निघालं, शेतकऱ्यांनी वाइनची द्राक्षं लावली. 2009च्या सुमारास मंदीत वाइनरींनी माल उचलला नाही आणि त्याच शेतकऱ्यांनी वेली उपटल्या. कांद्याचं उदाहरण अजून ताजं आहे. 19 ऑगस्ट 2023 रोजी निर्यातीवर 40 टक्के शुल्क, लासलगावला लिलाव बंद, डिसेंबरात निर्यातबंदी, मे 2024मध्ये बंदी उठली पण शुल्क राहिलं, सप्टेंबरात ते 20 टक्के झालं आणि 1 एप्रिल 2025ला गेलं. दीड वर्षात एवढे हेलकावे. भाव पडला की कांदा खांडणाऱ्या बाईची मजुरीही घासाघिशीत जाते, आणि तिचं नाव कुठल्याच शुल्काच्या अधिसूचनेत नसतं.

आता पश्चिमेकडे. पेठ, सुरगाणा, हरसूलकडची माणसं भात काढून झालं की दिंडोरी-निफाडकडे उतरतात. गिरणारेला पहाटे मजुरांचा अड्डा भरतो, पिकअप उभ्या असतात, दर तिथंच ठरतो. छाटणी, विरळणी, डिपिंग, बरीचशी उक्ती. केंद्राचा रोजगार हमी कायदा (मनरेगा) 2005 साली आला आणि 2008पर्यंत सगळ्या ग्रामीण जिल्ह्यांत पोचला. त्यानं वर्षाला शंभर दिवसांची हमी दिली. 2025-26 साठी महाराष्ट्राचा दर 312 रुपये होता. बागेत त्याहून जास्त मिळतात, शिवाय हिशेब रोजचा किंवा आठवड्याचा, हातात. मनरेगाचे पैसे बँकेत, आधार जुळलं तर, कधी येतील ते येतील. हंगामात माणूस कुठं जाणार हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. हमीची गरज पडते ती उन्हाळ्याच्या शेवटी, बागा थंडावतात आणि पाऊस लांब असतो तेव्हा. नेमकी तेव्हाच ग्रामपंचायतीकडं कामं ‘मंजुरीला’ असतात.

जुलै 2024मध्ये लाडकी बहीण योजना आली आणि जुनी तक्रार नव्या नावानं सुरू झाली: महिन्याला पंधराशे मिळतात, बायका कामाला येत नाहीत. मनरेगाच्या दरानं पंधराशे रुपये म्हणजे पाच दिवसांचीही मजुरी नाही. पाच दिवसांच्या मजुरीवर कोणी महिनाभर घरी बसत नाही. ताप असताना किंवा पोराची परीक्षा असताना एखादा खाडा करता येतो, दर फारच पाडला तर ‘नको’ म्हणता येतं, इतकंच. माणसं कमी पडतात याचं खरं कारण वेळापत्रकात आहे. द्राक्षांची विरळणी आणि रब्बी कांद्याची लागवड एकाच वेळी येते, आणि दोन्हीकडे तेच हात लागतात. दोन्ही पिकं वाढली, हात तेवढे वाढले नाहीत.

डिसेंबर 2025मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस शंभराचे 125 झाले, मजुरीच्या खर्चातही राज्याला 40 टक्के वाटा उचलायचा आहे, आणि पेरणी-कापणीच्या हंगामात मिळून 60 दिवस कामं बंद ठेवायची तरतूद आहे. पन्नास वर्षांची बागायतदारांची तक्रार अखेर कायद्यात उतरली, असं मी समजतो. हे 60 दिवस राज्यानं ठरवायचे आहेत. नाशिकच्या एकाच जिल्ह्यात सुरगाण्याची भातलावणी जुलैत, निफाडची छाटणी ऑक्टोबरात, येवल्याची कांदा लागवड डिसेंबरात आणि दिंडोरीची द्राक्षकाढणी मार्चमध्ये असते. यातला कोणता हंगाम धरायचा, हे मंत्रालयात ठरेल, आणि तिथं गिरणारेच्या अड्ड्यावरच्या कोणाला विचारलं जाईल असं आतापर्यंतच्या अनुभवावरून तरी वाटत नाही.