वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया: आधी कागद, मग पथ्य

उंची 160 सेंटिमीटर, वजन 95 किलो असेल, तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) सुमारे 37 भरतो. विमा मंजुरीत हाच आकडा कळीचा. विमा नियामकाच्या 2019 च्या नियमांनुसार वय किमान 18 आणि बीएमआय 40 किंवा अधिक लागतो. तो 35 ते 40 च्या दरम्यान असल्यास जोडीला हृदयविकार, आटोक्यात न येणारा टाइप 2 मधुमेह किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास हवा. शिवाय आहार-व्यायामाचे उपाय फसल्याचे दाखवावे लागते.

म्हणून गोव्यातील पेडणे भागातल्या लोकांनी आरोग्य केंद्रातले वजन-साखरेच्या नोंदींचे कागद तारीखवार जपून ठेवावेत. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल, तर ही शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे दाखल होण्याआधीच विचारावे.

शस्त्रक्रियेपूर्वी रक्त, थायरॉइड, हृदय यांच्या तपासण्या होतात. आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञही भेटतात. तंबाखू सोडावीच लागते. शेवटचे दोन आठवडे पाव, भात, गोड बहुधा बंद ठेवतात. त्यामुळे यकृत आकसते आणि सर्जनला जागा मिळते. नंतर जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि तपासण्या जन्मभर. घरच्यांनीही ही तयारी मनापासून करावी.