ताप उतरला, तरी…

जुन्नर-आंबेगावात पावसाळी ताप नवा नाही. म्हणूनच एचआयव्हीचा पहिला ताप सहज नजरेतून सुटतो. हा विषाणू शरीराच्या रक्षक सीडी-४ पेशींत शिरून स्वतःची वाढ करतो आणि त्यांचाच नाश करतो. लागणीनंतर २ ते ४ आठवड्यांत अनेकांना ताप, घसादुखी, पुरळ येते. ते आपोआप ओसरते. पुढे कित्येक वर्षे शरीर गप्प राहते, विषाणू मात्र नाही. साठी उलटलेलेही याला अपवाद नाहीत. शंका असल्यास सरकारी रुग्णालयात मोफत तपासणी करावी. निगेटिव्ह आली तरी संभाव्य संसर्गानंतर ३ महिन्यांनी पुन्हा करावी. उपचारही २००४पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. आजारी वडीलधाऱ्यांना घास भरवताना मात्र भिऊ नका. स्पर्शाने एचआयव्ही पसरत नाही.