मोठी रिम आणि मागच्या सीटवरचे धक्के

आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरी आता चारचाकी आली आहे. कुणी स्वतः चालवतात, कुणी मागे बसून दवाखान्याला, बाजाराला, माहेरी जातात. म्हणून कार्यक्रमाकडे गाडीविषयीचे प्रश्नही येऊ लागलेत. त्यातला एक असा: मुलानं हौसेनं गाडीची चाकं बदलून मोठी बसवली. गाडी दिसते झोकात, पण तेव्हापासून मागे बसलं की कंबर भरून येते. घरात म्हणतात, चाक मोठं झालं म्हणजे धक्के कमीच बसायला हवेत. मग हा माझा भास आहे का?

ताई, भास नाही. का नाही, ते आज समजून घेऊ.

घरच्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. बैलगाडीचं चाक आठवा. एवढं मोठं चाक लहानसहान खड्ड्यात अडकत नाही, त्यावरून निघून जातं. चाकाचा बाहेरचा घेर मोठा असेल तर खड्डा ओलांडणं सोपं जातं, हे खरंच. पण त्याच बैलगाडीत बसलं की हाडं खिळखिळी होतात, कारण लाकडी चाकावर लोखंडी धाव असते. ती दबत नाही. रस्त्यावरचा प्रत्येक दगड सरळ पाठीपर्यंत पोचतो. उसाच्या टायरगाडीत बसलेल्यांना दोन्हीतला फरक सांगायला नको. हवा भरलेला टायर दबतो आणि धक्का गिळतो. 1888 साली बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरनं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेचे टायर बसवले, तेही ती खडबडीत रस्त्यावर नीट चालावी म्हणूनच.

आता दुकानात 'मोठं चाक' म्हणतात तेव्हा काय मोठं होतं, ते पाहू. मोठी होते ती रिम, म्हणजे आतला धातूचा भाग. टायरचा बाहेरचा घेर जवळपास तेवढाच ठेवावा लागतो, नाहीतर टायर मडगार्डला घासतो. बाहेरचा घेर तोच आणि आतला धातू वाढला, तर मधलं रबर आणि हवा कमी होणार. भाकरीचा आकार तोच ठेवून आतली वाटी मोठी करत गेलं तर कडेची भाकरी किती उरेल, तसंच हे.

हे टायरवरच लिहिलेलं असतं. तुमच्या गाडीजवळ जाऊन वाचा. समजा 185/65 आर 15 असं लिहिलंय. 185 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. 65 म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या 65 टक्के, म्हणजे इथे सुमारे 120 मिलिमीटर. शेवटचा 15 हा रिमचा व्यास, इंचात.

एकाच गाडीचं उदाहरण घेऊ. अलीकडच्या मारुती स्विफ्टला खालच्या मॉडेलमध्ये 165/80 आर 14 टायर येतात आणि वरच्या मॉडेलमध्ये 185/65 आर 15. बाहेरचा घेर दोन्हींचा जवळजवळ सारखा. पण पहिल्या टायरची भिंत 132 मिलिमीटर, दुसऱ्याची 120. कुणी त्यावर कडी करून 205/45 आर 17 बसवले, तर भिंत उरते अवघी 92. पहिल्या टायरपेक्षा 4 सेंटीमीटर, म्हणजे जवळपास दोन बोटं गादी गेली. ती गेली की रस्त्यावरची खडी, पुलावरचे सांधे, स्पीडब्रेकरची कड, सगळं जाणवायला लागतं.

दुसरं कारण वजनाचं. गाडीचा सांगाडा स्प्रिंगवर आणि शॉकअपवर तोललेला असतो. चाकं मात्र त्यांच्या खाली असतात. चाक हलकं असेल तर खड्ड्यात जाऊन चटकन परत रस्त्याला टेकतं. जड चाकाला आवरणं शॉकअपला अवघड जातं. रिकामी कळशी हलवताना हात चटकन थांबतो, भरलेली कळशी हातालाच ओढत नेते, तसंच. 'अलॉय म्हणजे हलकंच' असं सांगतात, पण आकार वाढला आणि टायर रुंद झाला की एकूण चाक बरेचदा मूळ चाकापेक्षा जड भरतं. मग गाडीला उचल घ्यायलाही जास्त जोर लागतो आणि मायलेज थोडं घटतं.

तिसरी गोष्ट फक्त आरामाची नाही, खिशाची आणि जिवाची आहे. भिंत बुटकी असेल तर खोल खड्ड्यात टायर पूर्ण दबतो आणि रिमची कड थेट आदळते. रिम वाकते किंवा तडकते, नाहीतर टायरच्या बाजूला फुगा येतो. फुगा आला म्हणजे आतले दोरे तुटले. असा टायर भरधाव गाडीत फुटू शकतो. त्याला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही, टायर बदलावाच लागतो. धक्के कमी व्हावेत म्हणून काहीजण हवा कमी ठेवतात. तसं मुळीच करू नका. त्यानं टायर तापतो आणि रिम आणखी लवकर आदळते.

मोठ्या रिमचे फायदेही सांगायला हवेत. वळणावर बुटका टायर कमी झुकतो, स्टिअरिंगला गाडी चटकन ऐकते, कोरड्या डांबरी रस्त्यावर रुंद टायरची पकड चांगली असते. एकट्यानं हायवेवर गाडी चालवणाऱ्याला हे आवडेल. पण चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं, समोरचा खड्डा त्याला दिसतो, तो सावरून बसतो. मागे बसलेल्या सासूबाईंना, दिवस गेलेल्या सुनेला, टाके ओले असलेल्या बाईला तो दिसत नाही. शिवाय मागची सीट मागच्या चाकांच्या जवळ असते. म्हणून चाकांचा निर्णय एक जण घेतो आणि धक्के दुसरीला बसतात. हा निर्णय घरात सगळ्यांनी मिळून घ्यावा, असं आम्हाला वाटतं.

बदलायचंच असेल तर दुकानात चार गोष्टी विचारा. नव्या टायरच्या भिंतीची उंची किती? बाहेरचा घेर मूळ टायरएवढाच आहे ना? तो 5 टक्के वाढला, तर काटा अचूक 60 दाखवायचा तिथे गाडी प्रत्यक्षात 63 च्या वेगानं धावेल. टायरची वजन पेलायची क्षमता मूळपेक्षा कमी नाही ना? आकारानंतर लिहिलेला 88 हा आकडा म्हणजे एका टायरला 560 किलो. आणि हा आकार गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आहे का? नसेल तर विमा कंपनीला आणि सर्व्हिस सेंटरला आधी लेखी विचारा.

नवी गाडी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की खालच्या मॉडेलची लहान रिम कच्च्या रस्त्याच्या गावी बरेचदा जास्त सुखाची ठरते. शक्य असेल तर तशीच रिम असलेल्या ओळखीच्या गाडीत, मागच्या सीटवर बसून आपल्याच रस्त्यावर एक फेरी मारून बघा.

आणि प्रश्न विचारणाऱ्या ताई, जुन्या रिम आणि टायर अजून घरात असतील तर विकू देऊ नका. टायरच्या रबराला भेगा नसतील आणि नक्षी झिजलेली नसेल, तर ते परत बसवून घ्या. सोबत बॅलन्सिंग करून घ्या आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, गाडी थंड असताना हवा भरा. जुनं विकलं गेलं असेल, तर कंपनीच्या मूळ आकाराचे टायर-रिम टायरवाल्याकडे मागा. मग मुलाला शेजारी नको, मागच्या सीटवर बसवा आणि फरक त्यालाच सांगू द्या.